लालबागच्या अभ्यासिकेतील सांख्यिकी : प्रकल्प नोंदी, जून ते ऑगस्ट २०२४

१६ जून २०२४, रविवार

आमच्यापैकी बहुतेकांनी सांख्यिकीची पुस्तके परीक्षेपुरती वाचलेली आहेत. त्यामुळे काय-वर्ग (काय-स्क्वेअर) चाचणीचे, म्हणजे दोन गोष्टींतील संबंध केवळ योगायोगाचा आहे का हे तपासणाऱ्या चाचणीचे, सूत्र सांगता येते, पण समोर आलेल्या तक्त्यावर ती लावावी की लावू नये, हे ठरवता येत नाही. म्हणून या प्रकल्पात सूत्रांच्या क्रमाने न जाता प्रत्यक्ष घडलेली प्रकरणे एकेक करून घ्यायची आणि त्या प्रकरणाला लागेल तेवढेच तंत्र त्या वेळी शिकायचे, असे आज ठरले. गटात टीवायबीएस्सीचे दोन विद्यार्थी, पॅथॉलॉजी प्रयोगशाळेच्या कार्यालयात काम करणाऱ्या एक ताई, बँकेत एमआयएस, म्हणजे व्यवस्थापनाला लागणाऱ्या माहितीचे, अहवाल तयार करणारा मी आणि महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीत नोकरी करून निवृत्त झालेले काका आहेत. जागा मंडळाच्या अभ्यासिकेची आहे. गणपतीच्या तयारीसाठी ऑगस्टच्या मध्यावर ती रिकामी करून द्यावी लागेल, त्यामुळे प्रकरणे मोजकीच घेतली आहेत.

टायटॅनिकच्या प्रवाशांची यादी आणि आयरिस फुलांची मोजमापे ही शिकवणीवर्गांची लाडकी उदाहरणे जाणीवपूर्वक वगळली. निवडून ठेवलेल्या तांदळातून खडा ओळखायला शिकता येत नाही. कामाची पद्धत अशी ठरली की, संगणक उघडण्यापूर्वी प्रत्येकाने वहीच्या एका पानावर चार गोष्टी लिहायच्या : तक्त्यातील एक ओळ म्हणजे नेमके काय, ती कोणी व कशासाठी लिहिली, टक्केवारी किंवा दर काढताना छेदात कोण येतो आणि तक्त्यात यायला हवे होते पण आले नाही असे कोण. सॉफ्टवेअर म्हणून आर वापरायचे, कारण ते विनामूल्य आहे. काकांसाठी मात्र साधी स्प्रेडशीट चालेल.

२३ जून २०२४, रविवार

पहिले प्रकरण लंडनमधील १८५४ च्या पटकीच्या (कॉलऱ्याच्या) साथीचे घेतले. त्या साथीचा शोध घेणारा डॉक्टर जॉन स्नो म्हटले की, साथीचे मूळ ठरलेला ब्रॉड स्ट्रीटचा पाण्याचा पंप आणि मृत्यूंच्या खुणांचा नकाशाच सर्वांना आठवतो, पण विश्लेषण शिकण्याच्या दृष्टीने त्याचे दुसरे काम अधिक मोलाचे आहे. दक्षिण लंडनच्या मोठ्या भागात साउथवार्क अँड व्हॉक्सहॉल आणि लॅम्बेथ या दोन कंपन्यांचे नळ एकाच गल्लीतून गेले होते. त्यामुळे शेजारशेजारच्या घरांत दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे पाणी येत असे. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये पाणी घेण्याची जागा टेम्सच्या वरच्या भागात, शहराच्या सांडपाण्यापासून दूर नेली होती. दुसरी कंपनी मात्र शहरातील दूषित पाणीच उचलत राहिली. घर गरिबाचे की श्रीमंताचे, दाटीचे की मोकळे, यावर कंपनी ठरत नव्हती. म्हणून ही तुलना कोणीही न आखलेल्या प्रयोगासारखी ठरते.

साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचे आकडे असे आहेत. साउथवार्क अँड व्हॉक्सहॉलच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू झाले, लॅम्बेथच्या २६,१०७ घरांत ९८ आणि उर्वरित लंडनच्या २,५६,४२३ घरांत १,४२२. दर दहा हजार घरांमागे पहिला दर ३१५ आणि दुसरा ३७ येतो, म्हणजे गुणोत्तर सुमारे ८.४ आहे. विद्यार्थ्यांनी लॉगरिदमच्या पद्धतीने त्याचा ९५ टक्के विश्वास अंतराल, म्हणजे खरे गुणोत्तर ज्यात असण्याची खात्री धरता येते तो पल्ला, काढला, तो साधारण ६.८ ते १०.३ असा आला. तिसरा दर आम्हाला ५५ मिळाला, तर स्नोच्या छापील तक्त्यात तो ५९ आहे. निष्कर्षाला त्याने धक्का लागत नाही, पण दीडशेहून अधिक वर्षे उद्धृत होत आलेला तक्ताही स्वतः भागाकार करून पाहावा, एवढे त्यातून घेतले.

यानंतरचा बराच वेळ वहीच्या पानावर गेला आणि तो सत्कारणी लागला. छेदात माणसे नसून घरे आहेत. एका कंपनीच्या घरांत सरासरीने जास्त माणसे राहत असतील, तर दरातील काही फरक त्याचाही असू शकतो, मात्र आठपट फरक त्याने भरून निघणार नाही. शिवाय पटकीचे मृत्यू एकाच घरात गटाने होतात, ते परस्परांपासून स्वतंत्र नसतात. त्यामुळे आमचा अंतराल खऱ्यापेक्षा अरुंद आहे, अशी नोंद उत्तराशेजारीच केली. आणि मुळात कोणत्या घरात कोणत्या कंपनीचे पाणी येते, हे स्नोला कसे कळले? मृतांचे पत्ते विल्यम फार (Farr) या सांख्यिकी अधिकाऱ्याच्या नोंदणी कार्यालयाकडून मिळाले, पण पाणीपट्टी घरमालक भरत असल्याने पुष्कळ भाडेकरूंना कंपनीचे नावच ठाऊक नव्हते. अशा ठिकाणी स्नोने पाण्याचा नमुना घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेट घातले. साउथवार्क अँड व्हॉक्सहॉलच्या पाण्यात मीठ कितीतरी अधिक असल्याने फरक लगेच दिसे. तक्त्यातील एका रकान्यासाठी माणूस दारोदार फिरला आणि रसायनशास्त्र वापरले, हे विद्यार्थ्यांना विशेष वाटले, आणि ते तसे आहेही.

काकांनी येथे आपल्या कामातील एक मुद्दा मांडला. आपल्याकडे जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ प्रमाणे मृत्यूची नोंद तो जेथे घडला तेथे होते, माणूस जेथे राहत होता तेथे नव्हे. त्यामुळे परळसारख्या, केईएम आणि टाटा ही रुग्णालये असलेल्या भागात नोंदवलेले मृत्यू तेथील रहिवाशांच्या संख्येने भागले, तर परळ ही मुंबईतील सर्वांत घातक वस्ती ठरेल. अंशात देशभरातून उपचारासाठी आलेले रुग्ण आणि छेदात फक्त परळकर, असा तो भागाकार होतो. काकांचे वाक्य जसेच्या तसे टिपून ठेवतो : “अहो, रजिस्टर खोटं बोलत नाही, पण तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला ते लिहिलेलंच नसतं.”

२९ जून २०२४, शनिवार

आज भारतीय सांख्यिकीतज्ज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा जन्मदिवस. २००७ पासून तो देशात सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. म्हणून रविवारऐवजी आजच बसलो आणि महालनोबिस व दुसरे सांख्यिकीतज्ज्ञ पां. वा. सुखात्मे यांच्यातील मतभेदाचे प्रकरण घेतले. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेल्या सुखात्म्यांचे नाव विद्यार्थ्यांपैकी एकानेही ऐकलेले नव्हते. अभ्यासक्रम त्यांच्या सूत्रांनी भरलेला असताना हे व्हावे, याचे वाईट वाटते.

प्रश्न होता तो एकरी पीक किती येते याचा अंदाज नमुन्याने कसा काढायचा, हा. शेतात ठरावीक आकाराचा तुकडा आखून तेवढेच पीक कापायचे आणि त्याचे वजन करायचे, ही रीत. आपल्याकडे महसूल आणि कृषी खाते आजही ‘पीक कापणी प्रयोग’ याच नावाने ती वापरते. महालनोबिस यांचा कल लहान तुकड्यांकडे होता. शेताशेतांतील फरक मोठा असतो, तेव्हा तुकडा लहान ठेवून जास्तीत जास्त शेतांपर्यंत पोहोचावे, हा त्यामागील विचार सैद्धांतिकदृष्ट्या चोख आहे. सुखात्म्यांनी १९४० च्या दशकात प्रत्यक्ष शेतांत वेगवेगळ्या आकारांचे तुकडे कापून पाहिले आणि दाखवले की, फार लहान तुकड्यांतून उत्पादनाचा अंदाज सातत्याने जास्त येतो. सीमेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, हे ठरवताना कापणाऱ्याचा हात नकळत ते आत घेण्याकडे झुकतो, आणि तुकडा जितका लहान तितकी क्षेत्रफळाच्या मानाने सीमा मोठी.

हे पटवून घेण्यासाठी साधे गणित केले. कापणारा सर्व बाजूंनी फक्त एक इंच जास्त कापतो असे धरले. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळात अंदाज २५ भागिले २४ च्या वर्गाइतका, म्हणजे सुमारे साडेआठ टक्के फुगतो. ३३ फूट लांब आणि साडेसोळा फूट रुंद तुकड्यात तोच एक इंच केवळ दीड टक्क्याची भर घालतो. मग आरमध्ये कृत्रिम शेते तयार करून तुकड्यांची संख्या वाढवत नेली. लहान तुकड्यांच्या अंदाजाभोवतीचा अंतराल अपेक्षेप्रमाणे आक्रसत गेला, पण आक्रसला तो चुकीच्या आकड्याभोवती. नमुना वाढवल्याने विखुरणे कमी होते, अभिनती (एकाच दिशेने सातत्याने होणारी चूक) कमी होत नाही, हे वाक्य पुस्तकात सर्वांनी अधोरेखित केलेले होते; आज ते आलेखात उतरताना दिसले.

ताईंचे माहेर विदर्भातले असून घरी सोयाबीन होते, त्यामुळे चर्चा साहजिकच पीक विम्याकडे वळली. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत महसूल मंडळातील सरासरी उत्पादन उंबरठा उत्पादनापेक्षा, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेल्या किमान पातळीपेक्षा, किती खाली गेले, यावर भरपाई ठरते, आणि ती सरासरी काढताना पीक कापणी प्रयोगांचा मोठा आधार असतो. अंदाज फुगला तर तूट कमी दिसते आणि शेतकऱ्याचे पैसे जातात. एका इंचाच्या प्रश्नाला पैशात उतरणारी किंमत असते, हे एकदा कळल्यावर अभिनती हा शब्द पाठ करावा लागत नाही. पानावर मात्र हेही लिहिले की, मोठा तुकडा हे सर्व रोगांवरचे औषध नव्हे. तो कापायला वेळ व माणसे जास्त लागतात, शेते कमी होतात आणि निवडलेल्या शेताऐवजी रस्त्यालगतचे सोयीचे शेत धरण्याचा मोह वाढतो.

७ जुलै २०२४, रविवार

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे १९७३ चे पदव्युत्तर प्रवेश. बिकेल, हॅमेल आणि ओकॉनेल यांचा त्यावरील लेख १९७५ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला, आणि सहा मोठ्या विभागांची माहिती आरमध्ये तयारच मिळते. एकत्र पाहिल्यास २,६९१ पुरुष अर्जदारांपैकी १,१९८ म्हणजे ४४.५ टक्के, तर १,८३५ स्त्रियांपैकी ५५७ म्हणजे ३०.४ टक्के निवडले गेले. विभागवार पाहिल्यास सहापैकी चार विभागांत स्त्रियांचे प्रमाण वरचढ आहे. पहिल्या विभागात तर पुरुष ६२ आणि स्त्रिया ८२ टक्के आहेत.

एकत्रित आकडे एक सांगतात आणि गटवार आकडे उलटे, याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात; विद्यार्थ्यांना हे नाव ठाऊक होते आणि नाव सांगून ते थांबणार होते. मी कारण आकड्यांत मांडायला सांगितले. प्रवेश सर्वांत सोपा असलेल्या पहिल्या दोन विभागांकडे निम्म्याहून अधिक पुरुषांनी, म्हणजे २,६९१ पैकी १,३८५ जणांनी अर्ज केला होता. स्त्रिया तेथे १,८३५ पैकी अवघ्या १३३ होत्या. यानंतर प्रमाणीकरण शिकलो : सहाही विभागांना एकूण अर्जांइतके वजन देऊन दोघांचे दर पुन्हा काढले, तर पुरुषांचा ३८.७ आणि स्त्रियांचा ४३.० टक्के येतो. चित्र केवळ मिटत नाही, उलटते.

येथे वाद झाला आणि तो आवश्यक होता. एका विद्यार्थ्याचे मत पडले की, मग भेदभाव नव्हताच. काकांनी विचारले की, स्त्रिया कठीण विभागांकडे का गेल्या, याची ओळ या तक्त्यात कुठे आहे. मूळ लेखाचा रोखही असाच आहे : निवड समित्यांकडे बोट दाखवता येत नाही, पण शाळेपासून मुलींना कोणत्या विषयांकडे वळवले जाते ही गाळणी अर्ज भरण्याच्या आधीच लागलेली असते. तक्ता जेथे सुरू होतो तेथे प्रश्न सुरू झालेला नसतो. विभाग हा घटक नियंत्रित करावा, म्हणजे तुलना विभागवार करावी की नाही, याचे उत्तर गणितात नाही. कोणता प्रश्न विचारला आहे, त्यावर ते ठरते. विभागांतील निवड न्याय्य आहे का, असे विचारले असेल तर करावा. स्त्रियांना एकूण संधी किती मिळते, असे विचारले असेल तर विभागवार आकड्यांनी समाधान मानू नये. काय-वर्ग चाचणी आज दहा मिनिटांत झाली आणि तिच्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

१४ जुलै २०२४, रविवार

चॅलेंजर या अमेरिकी अंतराळयानाच्या अपघाताचे प्रकरण. २८ जानेवारी १९८६ च्या उड्डाणाच्या आदल्या रात्री थंडीचा अग्निबाणाचे सांधे बंद करणाऱ्या रबरी कड्यांवर काय परिणाम होईल, याची चर्चा झाली, पण तापमानाशी संबंध तपासताना विचारात घेतली ती इजा आढळलेली उड्डाणे. ती सात होती; त्यांत थंड दिवसही होते आणि ७५ अंश फॅरनहाइटचा उबदार दिवसही, त्यामुळे संबंध दिसला नाही. इजा न झालेली सोळा उड्डाणे त्याच आलेखावर ठेवली की, ६५ अंशांखालील चारही उड्डाणांत इजा आणि वरच्या एकोणीसपैकी फक्त तिघांत इजा, असे चित्र उभे राहते. वहीतील चौथा प्रश्न, तक्त्यात आले नाही असे कोण, याहून चांगल्या उदाहरणाने शिकवता येणार नाही. लॉजिस्टिक समाश्रयण, म्हणजे तापमानावरून इजेची संभाव्यता काढणारी वक्ररेषा बसवणे, याच माहितीवर शिकलो. त्या सकाळचे अपेक्षित तापमान ३१ अंश होते आणि आधीचे सर्वांत थंड उड्डाण ५३ अंशांवर झालेले होते. म्हणून वक्ररेषा ३१ पर्यंत ओढून मिळालेल्या संभाव्यतेचा आकडा आम्ही अहवालात घेतलेला नाही. उड्डाण थांबवण्यासाठी त्या आकड्याची गरजही नव्हती. अनुभवाच्या बाहेर २२ अंश जात आहोत, एवढे पुरेसे होते.

२८ जुलै २०२४, रविवार

परवाच २६ जुलै होऊन गेला, त्यामुळे पावसाचे प्रकरण आजच घेणे योग्य वाटले. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला सुमारे ७४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. दोन्ही वेधशाळा एकाच शहरात, वीस-पंचवीस किलोमीटरच्या अंतरात आहेत. ‘मुंबईचा त्या दिवशीचा सरासरी पाऊस’ काढा म्हटले, तर ५०९ येतो आणि तो या दोहोंपैकी एकाही ठिकाणी पडलेला नाही. सरासरी कशाची, हा प्रश्न एरवी पुस्तकी वाटतो. अंधेरी-कुर्ल्याच्या पाण्यात रात्र काढलेल्यांना आणि त्या दिवशी चर्चगेटला तुलनेने कमी पावसात लोकलची वाट पाहणाऱ्यांना तो समजावून सांगावा लागत नाही.

दुसरी गोष्ट तारखेची. भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, आणि त्याआधीच्या चोवीस तासांचा पाऊस संपण्याच्या तारखेवर लिहिला जातो. म्हणजे २६ च्या दुपारी आणि रात्री कोसळलेला पाऊस दैनिक फाईलमध्ये २७ जुलैच्या ओळीत शोधायचा. एखाद्याने ही फाईल पाणी तुंबल्याच्या तक्रारींच्या किंवा रद्द झालेल्या गाड्यांच्या फाईलशी केवळ तारीख जुळवून जोडली, तर पूर आधी आणि पाऊस नंतर, असा शोध त्याला लागेल. संगणक त्याबद्दल कोणतीही सूचना देणार नाही.

तिसरी गोष्ट बाहेर पडणाऱ्या आकड्यांची. मधल्या निम्म्या आकड्यांचा पल्ला म्हणजे चतुर्थक अंतर; त्या पल्ल्याच्या टोकांपासून त्याच्या दीडपटीहून दूरचे सर्व आकडे आउटलायर समजून काढून टाकावे, असा नियम ताईंच्या प्रयोगशाळेतील अहवालांसाठी वापरतात. पावसाचा आयतालेख (हिस्टोग्राम) उजवीकडे लांब शेपटी असलेला असतो. बहुतेक दिवस थोडा पाऊस, मोजके दिवस प्रचंड. त्याला हा नियम लावला तर प्रत्येक पावसाळ्यातले महत्त्वाचे दिवसच कापले जातील आणि ९४४ तर पहिल्या फटक्यात जाईल. हवामान विभाग २०४.५ मिलिमीटर आणि त्यापुढील पावसाला अतिमुसळधारच्या वरच्या वर्गात स्वतंत्र जागा देतो, तो वर्ग पुसून टाकण्यासाठी नव्हे. म्हणून रोजच्या पावसाचे वर्णन मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) व चतुर्थकांनी आणि टोकाच्या पावसाचा अभ्यास दरवर्षीच्या कमाल एकदिवशीय पावसावरून, असे दोन वेगळे भाग केले. कमाल पावसाला गुम्बेल वितरण, म्हणजे टोकाच्या आकड्यांसाठी वापरले जाणारे संभाव्यतेचे सूत्र, बसवताना २००५ धरून आणि वगळून, दोन्ही वेळा उत्तर काढायचे आणि दोन्ही छापायचे, असे ठरले.

‘शंभर वर्षांत एकदा’ या शब्दप्रयोगाचा हिशेबही केला. वर्षाला एक टक्का शक्यता असलेली घटना तीस वर्षांत निदान एकदा घडण्याची शक्यता १ वजा ०.९९ चा तिसावा घात, म्हणजे सुमारे २६ टक्के आहे. तीस वर्षे टिकायची पर्जन्यवाहिनी बांधणाऱ्याने हा दुसरा आकडा पाहायला हवा. आणि तोही प्रत्येक वर्ष स्वतंत्र व शक्यता कायम, या गृहीतकांवर उभा आहे. हवामान बदलत असताना दुसरे गृहीतक किती टिकेल, हे अहवालात वेगळ्या परिच्छेदात लिहायचे आहे.

११ ऑगस्ट २०२४, रविवार

बाहेर मांडवाचे बांबू येऊन पडले आहेत. अभ्यासिकेतील आजची शेवटची बैठक. काकांच्या २३ जूनच्या मुद्द्यावरून आपलेच प्रकरण उभे करावे, अशी सर्वांची इच्छा आहे : मुंबईच्या वॉर्डांचे मृत्युदर राहण्याच्या ठिकाणानुसार कसे काढता येतील. अंशाचा मार्ग सापडण्यासारखा आहे. मृत्यूच्या नोंदीत घटनास्थळाबरोबर मृताचा पत्ताही असतो, तेव्हा पत्त्यावरून वॉर्ड ठरवता येईल आणि मुंबईबाहेरचे पत्ते वेगळे काढता येतील. अर्थात ती माहिती नावे वगळून, रीतसर अर्ज करूनच मिळवावी लागेल. हॉस्पिटलात दाखल करताना बाहेरगावच्या रुग्णाचे नातेवाईक मुंबईतील ओळखीच्या घराचा पत्ता देतात, हे काकांनी आधीच सांगून ठेवले आहे. त्यामुळे मोठ्या रुग्णालयांतील काही पत्ते तपासण्याची सोय आराखड्यात हवी.

अडचण छेदाची आहे. शेवटची जनगणना २०११ ची. २०२१ ची झालेलीच नाही. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मधील ३३.३८ लाखांवरून २०११ मध्ये ३०.८५ लाखांवर आली होती, तर उपनगर जिल्ह्याची ८६.४० लाखांवरून ९३.५७ लाखांवर गेली होती. हाच कल पुढे चालू राहिला असेल, तर जुन्या छेदाने शहराचा दर खऱ्यापेक्षा कमी आणि उपनगराचा जास्त दिसेल. म्हणजे चूक दोन्हीकडे सारखी नसून विरुद्ध दिशेची असेल आणि तुलनाच बिघडेल. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांमुळे तो कल एकेका वॉर्डात उलटलाही असू शकतो. विद्यार्थ्यांनी सरळ रेषेने पुढचा अंदाज काढायची तयारी दाखवली, पण दोन बिंदूंतून जाणारी रेषा नेहमीच चोख बसते, एवढे सांगितल्यावर त्यांनीच ती मागे घेतली.

तूर्त ठरले ते असे. दर काढायचे नाहीत. प्रत्येक वॉर्डातील एकूण मृत्यूंपैकी साठीच्या आतले किती, एवढेच प्रमाण मांडायचे, कारण त्याला लोकसंख्येचा छेद लागत नाही. वॉर्डाची वयोरचना त्यात मिसळते, हे तक्त्याखालीच छापायचे. माहितीसाठी अर्जाचा मसुदा काका करतील, वयोगटांचे रकाने ताई ठरवतील, पत्त्यावरून वॉर्ड ओळखण्याचा कोड विद्यार्थी लिहितील आणि शंभर काल्पनिक पत्त्यांवर तो आधी चालवून पाहतील. एकाच रस्त्याची जुनी व नवी नावे, ‘परेल’ आणि ‘परळ’, ‘चाळ क्रमांक’ आणि ‘बिल्डिंग नंबर’ अशी सर्व रूपे त्या शंभरांत आली पाहिजेत. पुढची बैठक विसर्जनानंतर, ताईंच्या घरी.